पडद्यावरील काली : एक रसपरीक्षण

देवतेची आकृती घडविणे आणि देवतेचे दर्शन घडविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली हस्तकौशल्याने साधते. दुसरीसाठी त्या देवतेविषयी काही समज अंगी असावी लागते. हा भेद स्पष्टपणे दाखविणारा एक चित्रपट म्हणजे १९७३ साली निघालेला ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’. त्याचे दिग्दर्शक गॉर्डन हेसलर. परंतु तो ओळखला जातो रे हॅरिहाउसन (१९२०-२०१३) या अमेरिकन बाहुलीकाराच्या नावाने. त्यातील सहा हातांच्या कालीमूर्तीचा प्रसंग देवळाच्या सावलीत वाढलेला वाचक पाहील, तर त्यास कौतुक आणि क्लेश ही दोन्ही एकदम वाटतील. या दोहोंची कारणे वेगळी करून पाहावीत, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम कौतुकाविषयी. या जातीची बाहुली दोरीवर नाचत नाही. तिच्या पोटात धातूचा सांगाडा असतो आणि त्याला उखळीचे सांधे असतात. कारागीर आधी मातीत आकृती घडवितो आणि तिच्यावरून दोन भागांचा साचा घेतो. मग माती काढून पोकळीत सांगाडा बसवितो, भोवती फेसाळलेला रबराचा चीक, म्हणजे लेटेक्स, भरतो आणि तो मंद आचेवर कित्येक तास भाजतो. जुन्या रीतीत साचा प्लॅस्टरचा असे. आज पुष्कळजण सिलिकॉनचा घेतात. सिलिकॉन केसाएवढी रेघही टिपते आणि लवचीक असल्याने खोल खाचांतून सहज सुटते. मात्र प्लॅस्टर चिकातील पाणी शोषते, सिलिकॉन शोषत नाही. त्यामुळे पातळ चीक अशा साच्यात कुंचल्याने थरावर थर द्यावा लागतो आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावे लागते. मातीत गंधक असेल, तर काही जातींचे सिलिकॉन तिच्यावर घट्टच होत नाही. घाई करणाऱ्यास ही विद्या फळत नाही.

अशी रीत आम्हांस अगदी परकी नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचविलेल्या ‘मानसोल्लासा’त मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. मेणाची प्रतिमा घडवावी, तिच्यावर माती लिंपावी, आचेने मेण वितळवून बाहेर काढावे आणि रिकाम्या जागी धातूचा रस ओतावा. दोन्हीकडे हाताने घडविलेली पहिली आकृती नाहीशी होते आणि तिच्या रिकाम्या जागेतून दुसरी जन्मते.

हॅरिहाउसन यांची खरी तपश्चर्या यापुढे सुरू होते. पडद्यावरील एका सेकंदासाठी चोवीस चित्रे लागतात; दर चित्रापूर्वी बाहुलीचे अवयव किंचित हलवायचे, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायचे. येथे तर सहा हात, आणि प्रत्येकाची दिशा निराळी. शिवाय रबर मऊ, आणि मूर्ती भासवायची धातूची. म्हणून त्यांनी तिच्या हालचालीत एक जडपणा राखला आणि चेहरा अखेरपर्यंत अविचल ठेवला. मुखवट्याच्या डोळ्यांत भाव शोधण्याची सवय असलेल्या आमच्या वाचकांस त्या निश्चलतेचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको. नृत्यासाठी त्यांनी सूर्यकुमारी या भारतीय नर्तकीचे साह्य घेतले होते, आणि ती दक्षता दिसते.

आता क्लेशाविषयी. कथेत कूरा नावाचा दुष्ट मांत्रिक मंत्रबळाने कालीस सजीव करतो. ती त्याच्या आज्ञेने नाचते, त्याच्या आज्ञेने लढते, आणि शेवटी उंचावरून पडून तिचे तुकडे होतात. मूर्ती फुटली, हे आमचे दुःख नव्हे. मृण्मय गणपतीचे विसर्जन करणाऱ्या समाजाला आकृतीची नश्वरता ठाऊक आहे. बाहुली हलली, हाही दोष नव्हे. दोष हा की, येथे देवता आज्ञाधारक आहे. आमच्याकडे देवतेस आवाहन करतात, हुकूम सोडीत नाहीत. प्राणप्रतिष्ठेचा मंत्र म्हणणारा पुरोहितही शेवटी हात जोडून उभा राहतो. दुसरे असे की, लढाईत तिच्या सहाही हातांत तलवारी आहेत. दक्षिणकालीच्या चार हातांपैकी दोहोंत खड्ग आणि मुंड, तर उरलेल्या दोहोंत अभय आणि वरद असतात. कवळ्याच्या शांतादुर्गेपुढे उभे राहणाऱ्यास ठाऊक आहे की, शक्ती युद्ध पेटविते तशी मिटवितेही. या कालीला दोन हात अधिक मिळाले. अभयाचा हात मात्र एकही उरला नाही.

कोणी म्हणेल, ही तर अद्भुतकथा. तिला शास्त्राची फूटपट्टी कशाला? परंतु याच बाहुलीकाराच्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ (१९६३) या चित्रपटात ग्रीकांची हेरा देवी स्वतःच्या इच्छेने नायकास साह्य करते, आणि तेही पाच वेळाच, अशी मर्यादा तिला पाळावी लागते. तेथे देवांना इच्छा आहे, मर्यादा आहे, परस्परांशी संवाद आहे. म्हणजे अद्भुतकथेतही देवतेचा मान राखता येतो. तो कालीच्या वाट्यास आला नाही, यास कथेचा प्रकार कारण नसून लिहिणाऱ्यांची अनास्थाच कारण आहे.

आमचा निर्णय असा : बाहुलीत सांगाडा होता, कथेत नव्हता. लेटेक्स काही दशकांत कडक होऊन तडकते. आत असतो तो धातूचा सांगाडाच टिकतो. आमच्यातील तरुण आज सिलिकॉन आणि चीक घेऊन ही कला शिकू पाहत असतील, तर त्यांनी हॅरिहाउसन यांचे धैर्य जरूर घ्यावे. मात्र साचा भरण्यापूर्वी, जिला आपण घडवीत आहोत ती कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारावा.