खेळांतील पैशाची नीति

कादंबरीचें किंवा नाटकाचें परीक्षण करावें, तसें एखाद्या खेळाच्या नियमांचें परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे अद्याप रूढ झालेली नाहीं. वस्तुतः नियम रचणें हीही एक निर्मितीच आहे. कादंबरीकार आपल्या जगांत कल्पित पात्रें सोडतो. खेळाचा नियमकर्ता जिवंत माणसें सोडतो, आणि तेथें कोणीं वर चढावें व कोणीं खितपत पडावें हें बव्हंशीं त्याच्या कलमांवर अवलंबून राहतें. या दृष्टीनें ‘हॅट्रिक’ या स्वीडिश खेळांतील अर्थव्यवस्थेचा विचार येथें योजिला आहे.

हा खेळ १९९७ सालीं ब्यॉर्न होल्मेर यांनीं सुरू केला. तो फुटबॉलचा म्हणावयाचा, परंतु त्यांत चेंडूला कोणी पाय लावीत नाहीं. इंटरनेटवरून खेळणारा प्रत्येक जण एका काल्पनिक संघाचा चालक असतो. खेळाडू विकत घ्यावे, त्यांच्याकडून सराव करवून घ्यावा, दर आठवड्यास त्यांचे पगार भागवावे, प्रेक्षकांसाठीं जागा वाढवावी आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी करावी, हें त्याचें काम. साखळी आठ संघांची, हंगाम सोळा आठवड्यांचा. सामन्याचा निकाल संगणक लावतो. एकूण गति इतकी संथ कीं, एक तरुण खेळाडू घडवावयास कित्येक महिने खर्ची पडतात.

अशा खेळांतील पैसा शून्यांतून जन्मास येतो व शून्यांत विलीन होतो. तिकिटांचें उत्पन्न आणि जाहिरातदारांकडील रक्कम संघाच्या खातीं जमा होते खरी, पण ती कोणाच्याही खिशांतून आलेली नसते. पगार व मैदानाची देखभाल यांवर खर्च झालेली रक्कम कोणाच्याही हातीं पडत नाहीं; ती नाहींशी होते. हे खेळ रचणारे लोक पहिल्या प्रकारास नळ आणि दुसऱ्यास मोरी अशा अर्थाचे शब्द वापरतात. नळ मोठा व मोरी लहान असली, म्हणजे हौद भरून वाहूं लागतो. खेळाडूंच्या किमती भडकतात आणि काल आलेल्या चालकाला बाजाराकडे नुसतें पाहात बसावें लागतें. मोरी फार मोठी झाली तर संकट उलट बाजूनें येतें. किमती कोसळतात, आणि महिनोन्‌महिने खपून घडविलेला खेळाडू विकावयास काढला असतां मेहनतीचें मोल पदरांत पडत नाहीं.

दोन संघांमधील खरेदीविक्रीनें एकूण पैसा वाढत नाहीं. तो एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो. त्यामुळें बाजार वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु येथें खेळाडू लिलावानें विकले जातात, आणि लिलाव म्हटला कीं सट्टेबाजी आलीच. मंदीच्या वेळीं खेळाडू पडेल भावानें घ्यावा, चार दिवसांनीं गर्दी पाहून चढ्या भावानें काढून टाकावा, या उद्योगास ना सरावाची जरुरी, ना सामन्याची चिंता. एकानें महिनोगणती राबावें आणि दुसऱ्यानें एका रात्रींत त्याहून अधिक मिळवावें! आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण अशा बाजारास तंतोतंत लागू पडते.

यावर खेळाच्या कर्त्यांनीं योजलेला उपाय मला त्यांच्या साऱ्या रचनेंतील सर्वोत्कृष्ट कलम वाटतो. विक्रीच्या रकमेंतून खेळाडूच्या प्रतिनिधीच्या नांवें कांहीं भाग कापला जातो, आणि खेळाडू संघांत जितके अधिक दिवस राहिला असेल तितका हा भाग कमी होतो. शिवाय खेळाडूच्या मूळ संघालाही त्याच्या पुढील विक्रींत थोडा वाटा मिळतो. व्यापारास मनाई केलेली नाहीं, कोणाला उपदेशही केलेला नाहीं. उतावळेपणावर तेवढा कर बसविला आहे. प्रतिनिधीचा भाग मोरींतून वाहून जातो, म्हणजे एकाच कलमानें न्यायही साधतो आणि चलनही आवरलें जातें.

यावर असा आक्षेप घेतां येईल कीं, नव्या व निर्धन चालकाला वर येण्यास सट्टा हीच एक जवळची वाट होती आणि तीच या कलमानें अडविली. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तथापि सट्ट्यास भांडवल लागतें, आणि ज्याची थैली मोठी त्याचा नफाही मोठा. सरावाचें तसें नाहीं. श्रीमंत संघाचा आठवडाही सात दिवसांचाच असतो! नव्या माणसाजवळ काळ व धीर यांखेरीज भांडवल तें कोणतें? तेव्हां काळाला किंमत देणारा नियम अखेरीस त्याच्याच बाजूचा आहे.

‘फिफा’ या प्रसिद्ध मालिकेंतील, म्हणजे २०२३ पासून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नांवानें निघणाऱ्या खेळांतील, ‘अल्टिमेट टीम’ या भागाशीं तुलना केल्यास हें अधिक स्पष्ट होईल. तेथेंही खेळाडूंचा बाजार आहे, आणि विक्रीवर ५ टक्के कपात आहे. मोरी म्हणून ती निर्दोषच. परंतु तेथें खरा पैसा भरून बंद पुडकीं घेतां येतात, आणि आंत कोणता खेळाडू निघेल हें नशिबावर असतें. म्हणजे खेळणाराची चणचण हीच विक्रेत्याची मिळकत! बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं अशीं पुडकीं जुगाराच्या कायद्याखालीं येतात असें ठरविलें, आणि २०१९ च्या आरंभीं कंपनीनें त्या देशांत पुडक्यांसाठीं लागणाऱ्या गुणांची विक्री थांबविली. हॅट्रिकही वर्गणी घेतो. पण वर्गणीदाराला सोयी मिळतात, सामन्यांत सरशी मिळत नाहीं.

हॅट्रिकची रचना निर्दोष आहे असें मात्र नव्हे. तिचा तोल खेळणारांच्या संख्येवर अवलंबून आहे. माणसें सोडून गेलीं कीं गिऱ्हाईक घटतें, आणि कलमें तींच असूनही भाव उतरतात. मग कर्त्यांना नळाला हात लावणें भाग पडतें, आणि जुन्या नियमांवर विसंबून ज्यानें महिनेच्या महिने योजना आंखली त्याच्यावर अन्याय होतो. जो खेळ धीराला बक्षीस देतो, त्यानें नियम बदलतांनाही धीर धरला पाहिजे. बदल आगाऊ जाहीर करून सावकाश अंमलांत आणणें हें त्याचें कर्तव्यच ठरतें.

आपल्या घरांतील मुलें असे खेळ खेळूं लागलीं कीं वडील माणसें किती वेळ गेला एवढेंच विचारतात. तो प्रश्न रास्त आहे. पण त्याला आणखी एका प्रश्नाची जोड द्यावी: या खेळांतील पैसा जातो कोठें? तो मोरींतून जाऊन खेळ निर्मळ राखतो, कीं कोणाच्या गल्ल्यांत जाऊन पडतो? उत्तर मुलांनाच शोधूं द्यावें. अर्थशास्त्राचा पहिला धडा त्यांना त्यांतच मिळेल, आणि कदाचित् नीतिशास्त्राचाही.