खेळणारा, सांगणारा आणि सोंगाड्या

दुसरा कोणी व्हिडिओ गेम खेळत असताना आपण तो तासन्‌तास पाहावा, यात रंजक असे काय आहे? बुलढाणा जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करताना हा प्रश्न माझ्यापुढे विद्यार्थ्यांमुळे आला. कारण स्वतः क्वचितच खेळणारेही अशी थेट प्रक्षेपणे आवडीने पाहतात. योहान हाउझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात क्रीडेचे संस्कृतीशी असलेले नाते मांडले; परंतु त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी खेळणारा आहे, पाहणारा नव्हे.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर 'कौशल्य' असे आहे. ते अपुरे आहे. २०२० च्या टाळेबंदीत विनोदी कलावंत समय रैना यांनी ऑनलाइन बुद्धिबळाची प्रक्षेपणे सुरू केली. रैना हे त्या वेळी नवशिके खेळाडू होते. नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्यांच्यासोबत येऊ लागले. त्याच वर्षी ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये रशियासह संयुक्त विजेता ठरलेल्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. निव्वळ कौशल्यच पाहायचे असते, तर नवशिक्याच्या चुकांकडे कोणी वळले नसते. प्रत्यक्षात रंजकता या दोघांमधील अंतरातून निर्माण होत होती. एक चुकतो आणि चूक साजरी करतो. दुसरा ती चूक का घडली ते जाणतो. ही जोडी आपल्याला अपरिचित नाही. तमाशातील बतावणीत शहाणा आणि सोंगाड्या यांच्यात हेच घडते.

मात्र येथे एक महत्त्वाचा भेद आहे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित क्रिकेटचे धावते समालोचन करीत, तेव्हा खेळणारा आणि सांगणारा या दोन भिन्न व्यक्ती होत्या. स्ट्रीमरमध्ये त्या एक होतात. तो कृती करीत असतानाच तिचे निवेदन करतो; नाटकातील स्वगत येथे खेळाच्या गतीने, पूर्वरचनेशिवाय उच्चारले जाते. अंदाज बोलून दाखवल्यामुळे तो फसला की लपवता येत नाही. ही जोखीम प्रेक्षकाला धरून ठेवते. निर्दोष परंतु अबोल खेळ स्तुत्य असतो. रंजक असतोच असे नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. या उत्स्फूर्ततेमागे अर्थकारण आहे. यूट्यूबवर २०१७ पासून पैसे भरून आपला संदेश ठळकपणे झळकवण्याची सोय आहे; स्ट्रीमर खेळ थांबवून दात्याचे नाव वाचतो. आक्षेप खरा आहे, पण नवा नाही. तमाशातील दौलतजादाही प्रयोग थांबवते आणि देणाऱ्याचे नाव पुकारले जाते. तेव्हा पैसा आला की नाही, हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही. व्यत्ययाचे कलावंत काय करतो, हा निकष होय. चांगला सोंगाड्या दात्यालाच बतावणीत ओढतो; सामान्य सोंगाड्या आभार मानून मोकळा होतो. स्ट्रीमरांमधील श्रेष्ठ-कनिष्ठ भावही येथेच ठरतो. प्रेक्षकाचे वाक्य खेळाच्या आशयात मुरले तर प्रेक्षक सहनिर्माता होतो, एरवी तो केवळ ग्राहक उरतो.

आता भाषेचा प्रश्न. रैना–गुजराथी यांचा संवाद मुख्यतः हिंदी–इंग्रजीमिश्रित आहे. आमचे विद्यार्थी तो ऐकतात आणि त्यावर आपापसांत वऱ्हाडीत बोलतात. म्हणजे रसास्वाद वऱ्हाडीत होतो, प्रयोग मात्र दुसऱ्या भाषेत. नेमका टोमणा आणि चपळ प्रत्युत्तर ही वऱ्हाडीची बलस्थाने आहेत. या कलाप्रकाराला तीच हवी असतात. तेव्हा अडचण भाषेच्या सामर्थ्याची नसून ती चारचौघांत वापरण्याच्या संकोचाची आहे, आणि त्या संकोचास आपले वर्गही काही अंशी जबाबदार आहेत.

बतावणी लिखित नव्हती, म्हणून आपल्या वाङ्मयेतिहासाने तिला दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले; तिचा बराच भाग बोलणाऱ्यांबरोबरच गेला. थेट प्रक्षेपणाची चित्रफीत उरते, हे खरे. पण प्रेक्षकाशी घडलेला त्या क्षणाचा व्यवहार चित्रफितीत अर्धाच उरतो. संहिता नाही म्हणून समीक्षा नाही, ही जुनी चूक पुन्हा करणे आपल्याला परवडणारे नाही.