मोंमार्त्रचा द्राक्षमळा : अस्सल कीं नक्कल ?

पॅरिसच्या उत्तर भागांतील मोंमार्त्र टेकडीवर जो लहानसा द्राक्षमळा आहे, त्यास प्रवासवर्णनकार सरसहा मध्ययुगीन मळ्याचा अवशेष म्हणतात. हें विधान आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

मोंमार्त्र हें पूर्वीं स्वतंत्र गांव होतें व तेथें द्राक्षें पिकत, याविषयीं वाद नाहीं. इ. स. ११३३ च्या सुमारास सहाव्या लुई राजानें तेथें बेनेडिक्ट पंथी संन्यासिनींचा मठ स्थापिला. ११४७ सालीं तिसऱ्या यूजीन पोपानें तेथील देवालयाची प्रतिष्ठा केली. उतारावरील मळे मठाचेच. राज्यक्रांतींत मठ बुडाला. शेवटच्या मठाधिकारिणीचा १७९४ सालीं शिरच्छेद झाला. गांवाच्या नांवाची व्युत्पत्तिही अशीच तपासून घ्यावी. नवव्या शतकांतील हिल्दुइन 'हुतात्म्यांचा गिरि' म्हणतो. पण तो सेंट दनी याच हुतात्म्याच्या मठाचा अधिपति, म्हणजे हितसंबंधी साक्षीदार. त्याच शतकांतील आबो मंगळदेवतेचा गिरि म्हणतो. आपल्या स्थलमाहात्म्यांचे वाचक यांतील मर्म सहज ओळखतील.

प्रचलित कथनांत जकात मात्र गाळली जाते, आणि खरी मेख तेथेंच आहे. १७८४ पासून पॅरिसभोंवतीं जकातीचा कोट उभा राहूं लागला. कोटाच्या आंत मद्यावर कर, बाहेर तो नाहीं. अर्थात् वेशीबाहेरच्या मोंमार्त्रांत स्वस्त मद्याचे गुत्ते फोफावले. पुढें या गांवाचा मद्याविषयीं जो लौकिक झाला, त्याचें श्रेय मातीपेक्षां नाक्यास अधिक. १ जानेवारी १८६० रोजीं गांव शहरांत सामील झालें, जकातीची हद्द पुढें सरकली आणि ही सवलत खुंटली. मळ्यांच्या जागीं घरें आलीं.

आतां सांप्रतचा मळा. तो १९३३ सालीं लाविला गेला. त्या जागेवर इमारती होऊं नयेत म्हणून चित्रकार पूल्बो व त्याचे सोबती झगडले, आणि नगरपालिकेनें वेली लाविल्या. १९३४ पासून द्राक्षतोडणीचा उत्सव सुरू झाला. अंतर्गत पुरावाही याच बाजूचा : मळ्याचा उतार उत्तराभिमुख आहे. द्राक्षास ऊन हवें; केवळ पिकाकडे पाहणारा माळी अशी जागा पहिल्यानें निवडील हें संभवत नाहीं. ती इमारत अडविण्यासाठीं निवडली गेली.

बखरीची उत्तरकालीन नक्कल अस्सल म्हणून दप्तरांत नोंदविणाऱ्यास आपण क्षमा करीत नाहीं. येथेंही तोच न्याय लावावा. म्हणून मळा कमी मोलाचा ठरतो असें नव्हे. शहरानें गिळलेल्या गांवाच्या रहिवाशांनीं जमिनीच्या एका तुकड्यासाठीं दिलेल्या लढ्याचा तो समकालीन पुरावा आहे. मात्र नोंदींत सन १९३३ हाच घालावा.