शुद्ध, पण कोणाला निर्धोक?

एका देवस्थानाच्या उत्सवानिमित्त निघालेली नैवेद्याच्या पाककृतींची एक पुस्तिका नुकतीच आमच्या हाती आली. तिचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. कारण तिच्यात आम्हांला जो दोष दिसला तो तिच्या एकटीचा नाही. तो आपल्या बहुतेक पाकपुस्तकांचा आणि त्याहून अधिक आपल्या समजुतीचा आहे.

प्रथम गुणांविषयी. खतखते, मणगणे, पातोळ्या, मुगागाठी असे आपल्या देवळांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आलेले पदार्थ येथे व्यवस्थित सांगितले आहेत. पाच माणसांचे प्रमाण आणि पन्नास पानांचे प्रमाण अशी दोन्ही दिली आहेत. कांदा-लसणीवाचून चव कशी आणावी, तिरफळे केव्हा घालावीत, हे सांगताना संकलन करणाऱ्या भगिनींची भाषा चुलीजवळची आहे. असे लेखन सोपे नव्हे.

परंतु प्रस्तावनेत म्हटले आहे की, हे अन्न शुद्ध शाकाहारी व सात्त्विक असल्यामुळे लहानथोर सर्वांना निःशंकपणे वाढावे. या 'निःशंकपणे' शब्दापाशी आम्ही अडखळलो. त्याचे कारण घरचे आहे.

आमच्या भाचीला काजू चालत नाही. दोन वर्षांपूर्वी एका देवळात महाप्रसादाला बसताना तिच्या आईने वाढणाऱ्या गृहस्थांना विचारले, "भाजीत काजू आहे का हो?" ते म्हणाले, "बाई, सगळे शुद्ध आहे. सोवळ्यात केले आहे." मुलीने दोन घास खाल्ले. पंगत उठण्यापूर्वीच तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. इस्पितळ जवळ होते आणि तेथे वेळेवर इंजेक्शन मिळाले, म्हणून ती वाचली. भाजीत अख्खा काजू एकही नव्हता; तो वाटणात होता.

त्या गृहस्थांना आम्ही दोष देत नाही. न्यायालयात असे साक्षीदार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ते खोटे बोलत नाहीत. विचारलेल्या प्रश्नाऐवजी दुसऱ्याच प्रश्नाचे खरे उत्तर देतात. अन्न शुद्ध आहे काय, हा एक प्रश्न. त्यात काय काय आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपल्याला तोंडपाठ असते, म्हणून दुसरा प्रश्न आपल्याला ऐकूच येत नाही.

अॅलर्जी म्हणजे नावड नव्हे आणि अपचनही नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या पदार्थातील प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. त्याला चिमूटभर अंशही पुरतो. काजू भाजला किंवा उकळला म्हणून तो निर्धोक होतो असे नाही. ज्याला काजू बाधतो त्याला पुष्कळदा पिस्ताही बाधतो. गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा सीलिअॅक हा विकार अॅलर्जीहून निराळा; पण तेथेही थोडक्याने भागत नाही.

या दृष्टीने पुस्तिका पाहिली म्हणजे तिच्यातील मौन लक्षात येते. 'नेहमीचे वाटण घालावे' असे तीन ठिकाणी आहे; वाटणात काय, ते नाही. मणगण्यात काजूगर 'आवडीप्रमाणे' आहेत. पण उत्सवाच्या दिवशी आवड आचाऱ्याची असते, जेवणाऱ्याची नसते. वरणाला 'हिंग चिमूटभर' आहे. बाजारातील डबीबंद हिंग पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचे पीठ व डिंक मिसळून केलेला असतो, हे किती सुगरणींना ठाऊक आहे? गहू वर्ज्य असलेला मनुष्य पोळी टाळून वरणभात खातो आणि त्या वरणातूनच गहू त्याच्या पोटात जातो. उपवासाच्या प्रकरणात तर शेंगदाण्याच्या कुटावाचून पानच उलटत नाही.

कोणी म्हणेल, पाकिटावर हिरवा ठिपका असतो ना? तो ठिकपा 2001 पासून कायद्याने आला आणि तो पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देतो. त्याच्या व्याख्येत दूध व मध शाकाहारी आहेत. 2020 च्या लेबलविषयक नियमांनी अॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांचे आठ वर्ग स्वतंत्रपणे जाहीर करावयास लावले. त्यांतील कवचधारी जलचर, मासे व अंडी हे तीन हिरव्या ठिपक्याखाली येऊ शकत नाहीत. ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, शेंगदाणे व काजूसारखी कवचफळे, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणाहून अधिक सल्फाइट हे पाच मात्र खुशाल येऊ शकतात. 2022 च्या व्हीगन अन्नाविषयीच्या नियमांनी दूधही वगळणाऱ्यांची सोय झाली. पण दुधाच्या जागी पुष्कळदा काजू वा सोयाबीनच येते. शिवाय पाकिटाला लेबल असते. केळीच्या पानाला ते नसते. तेथे लेबलाचे काम वाढणाऱ्याच्या जिभेने करावयाचे असते.

आमचे हे म्हणणे परंपरेविरुद्ध आहे असे कोणी समजू नये. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराच्या लक्षणांत आयुष्य, बल आणि आरोग्य यांची वाढ सांगितली आहे. ज्या घासाने एखाद्या लेकराचा श्वास कोंडतो, तो त्या लेकरापुरता सात्त्विक कसा म्हणावा? चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा विचार आठ अंगांनी करावयास सांगितला आहे आणि त्यांतील आठवे अंग 'उपयोक्ता', म्हणजे खाणारा स्वतः, हे आहे. आमच्या पुस्तिकेने द्रव्य, संस्कार, प्रमाण, काळ या सर्वांचा विचार केला. हे आठवे अंग तेवढे राहिले.

'पूर्वी असले काही नव्हते' हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. पूर्वीही आजीबाई 'हिला वांगे बाधते' म्हणून पान निराळे वाढीत असत. फरक इतकाच की, घरात आजीला प्रत्येक पान ठाऊक होते. पाचशेच्या पंगतीत आचाऱ्याला ते ठाऊक नसते. हल्ली हौसेनेही कोणी अॅलर्जीचे नाव सांगत असेल. पण त्या संशयापायी खऱ्या रुग्णाला धोक्यात घालणे हा न्याय नव्हे.

काजू बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी लहान आहे. प्रत्येक कृतीखाली 'यात आहे : दूध, काजू, गहू' अशी एक ओळ छापावी, वाटणाचे घटक फोडून सांगावेत, आणि तीच यादी उत्सवाच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी फळ्यावर लिहावी. खडूखेरीज त्याला खर्च नाही.

आमची भाची आता पंगतीला बसते ती घरचा डबा उघडून. प्रसाद नाकारला म्हणून शेजारच्या बायका तिच्याकडे पाहतात आणि ती मान खाली घालते. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती त्या एका ओळीसह निघाली, तर तिची पहिली प्रत आम्ही या मुलीच्या आईला देऊ.