झाकणारी नावे आणि सांगणारी नावे

'नॉम द प्लूम' हा शब्दप्रयोग दिसतो फ्रेंच, पण घडला इंग्रजांच्या हातून. फ्रेंचांकडे जुना होता तो 'नॉम द गेर', म्हणजे युद्धनाम. पूर्वी फ्रेंच सैन्यात भरती होणारा शिपाई घरचे नाव मागे ठेवून पलटणीतले नाव घेत असे. त्या नमुन्यावर एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने 'लेखणीचे नाव' बेतले आणि पुढे त्याचाच 'पेन-नेम' असा तर्जुमा केला. फ्रेंच माणूस स्वतः बहुधा 'प्स्यूदोनिम' म्हणतो. म्हणजे मूळ लष्करी, आणि गाभ्यात लपण्याची कल्पना. शार्लट ब्राँटेने १८४७ साली 'जेन एअर' करर बेल या नावाने काढली, तीही लेखक बाई आहे हे उघड होऊ नये म्हणून.

मराठी समीक्षेने यासाठी 'टोपणनाव' हा शब्द पत्करला. टोपण म्हणजे झाकण. पण आपल्या कवींची नावे नीट पाहावीत. कृष्णाजी केशव दामले यांच्या 'केशवसुत' या नावात वडील आहेत. राम गणेश गडकऱ्यांच्या 'गोविंदाग्रज'मध्ये धाकटा भाऊ आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या 'कुसुमाग्रज'मध्ये बहीण आहे. यात झाकले काय? उलट, जे साध्या नावातून कळले नसते ते घरचे नातेच इथे चव्हाट्यावर आले आहे.

बंगळुरात राहून मराठी वाचताना ही गोष्ट अधिक ठसते, कारण कन्नडमध्ये यासाठी 'काव्यनाम' हा सरळ शब्द आहे. द. रा. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी. कविता मात्र 'अंबिकातनयदत्त' या नावाने, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. 'कुवेंपु' ही तर नुसती आद्याक्षरे: कुप्पळी हे गाव, वेंकटप्पा हे वडील आणि पुट्टप्पा ते स्वतः. सातबाराच म्हणा की! लपायचे असते तर कुणी एवढा पत्ता दिला नसता.

सगळेच असे नाहीत. त्याच गडकऱ्यांनी विनोद लिहिला तो 'बाळकराम' या नावाने, आणि नाटके स्वतःच्या. बाळकराम हा खरा मुखवटा. त्याच्या आड बसून टवाळी करता येते. चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'आरती प्रभू' आणि माणिक गोडघाट्यांचे 'ग्रेस' यांत नात्याचा धागा नाही. तिथे कवीने स्वतःला नव्याने जन्माला घातले आहे. ही नावे युरोपीय कल्पनेच्या जवळची. पण या सर्वांना एकाच 'टोपणा'खाली कोंबले की फरक दिसेनासा होतो, आणि फरकच तर समीक्षेने दाखवायचा.

नुकसान सर्वांत जास्त होते ते अनुवादात. इंग्रजी काव्यसंग्रहाच्या कविपरिचयात 'कुसुमाग्रज' पुढे कंसात 'खरे नाव' येते, जणू पहिले खोटे होते. वाचकाला ते नाव म्हणजे केवळ पाच अक्षरांचा अपरिचित आवाज. त्यात कुणाची तरी बहीण आहे हे त्याला कळतच नाही. अनुवादकांनी नावाचे भाषांतर करू नये, हे मान्य. पण परिचयात 'कुसुमचा थोरला भाऊ' एवढे लिहायला अर्धी ओळ पुरते, आणि ती अर्धी ओळ जन्मतारखेइतकीच गरजेची आहे.