साच्याचे स्थलज्ञान

'येथे' या शब्दाला स्वतःचा असा स्थिर अर्थ नसतो; बोलणारा कोठे उभा आहे हे कळल्यावाचून तो पोकळच राहतो. संकेतस्थळाच्या साच्याची स्थिती नेमकी अशीच असते. शेकडो पाने एकाच साच्यातून निघतात. तेव्हा प्रस्तुत पान कोणते, हे साच्याने जाणावे कसे? पुष्कळ ठिकाणी यावर योजला जाणारा उपाय म्हणजे पानाच्या पत्त्यात एखादा शब्द शोधणे. उपाय सोपा खरा. परंतु तो सदोष आहे.

पुण्यातील स्वारगेटचेच उदाहरण घ्यावे. या एकाच नावाने एस. टी.चे स्थानक ओळखले जाते, शहर बससेवेचे ओळखले जाते आणि 2024 च्या सप्टेंबरअखेरीपासून मेट्रोचे भूमिगत स्थानकही ओळखले जाते. प्रवाशांसाठी रचलेल्या एखाद्या संकेतस्थळावर या तिन्हींची पाने असली, तर पत्त्यात 'स्वारगेट' आढळल्याने काहीच सिद्ध होत नाही. मराठी पत्त्याची अडचण तर निराळीच आहे. 'स्वारगेट' या शब्दात युनिकोडप्रमाणे 8 चिन्हे येतात. प्रत्येकास 3 बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे साच्याच्या हाती पडते ती 72 अक्षरांची माळ! तीत देवनागरी शब्द शोधणाऱ्या साच्याला तो सापडावा कसा? रोमन पत्त्यांवर निर्दोष ठरलेला साचा मराठीत मुका होतो, तो यामुळे.

पत्ता आणि मार्ग यांतील भेद येथे ध्यानी घ्यावयास हवा. मार्ग म्हणजे पत्त्याची आकृती आणि तिला उत्तर देणारी कृती यांना जोडणारा नियम. ('रूट'ला 'मार्ग' हा प्रतिशब्द फारसा समाधानकारक नाही, येथे प्रवास कोणीच करीत नाही.) या नियमाला स्वतंत्र नाव देता येते आणि पत्ता बदलला तरी ते टिकते. सिम्फनीच्या 6.2 या 2022 सालच्या आवृत्तीपासून ट्विगच्या साच्यात हे नाव थेट उपलब्ध होते. ड्रूपलमध्ये निर्णय साच्यापूर्वीच्या टप्प्यात करून साच्याला केवळ निष्कर्ष देता येतो. हीच रीत अधिक निर्दोष होय. मात्र तेथे तयार मजकूर साठवून पुन्हा वापरला जातो. तो मार्गानुसार बदलतो अशी नोंद राहून गेली, तर एका पानाची खूण दुसऱ्यावर उमटते. परतीच्या फेरीला निघालेल्या गाडीवर आधीच्याच गावाची पाटी राहावी, तसाच हा प्रकार.

डोळस वाचक ही चूक सावरून घेतो. पडद्यावरचा मजकूर यंत्राकडून ऐकणाऱ्या अंध वाचकासाठी 2017 च्या एरिया 1.1 या मानकात 'एरिया-करंट' हा गुणधर्म आला; दुव्यांच्या यादीत प्रस्तुत पान कोणते, हे तो सांगतो. तो भलत्या दुव्याला चिकटला, तर मेट्रोच्या पानावर असलेल्या माणसाला आपण एस. टी.च्या पानावर आहोत असे ऐकू येते.