काळजी की पहारा?

पुण्यात कोथरूड-औंधला अशी कितीतरी घरे आहेत, जिथे आईवडील एकटे राहतात आणि मुले परदेशी. मग बैठकीत कॅमेरा येतो, मनगटावर पट्टी येते. 'आता काळजी मिटली,' असे जाहिरात सांगते. आम्हाला हे अर्धेच खरे वाटते.

२०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती कोणती? कारखान्यातून ठरून आलेले साठेक परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाहणे, एवढीच! २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील चित्रणे विकली गेल्याचे उघड झाले. तिथला पासवर्ड होता 'अ‍ॅडमिन१२३'. अटक झालेल्यांत लातूर-सांगलीचे आरोपीही होते.

पासवर्ड बदलता येतो. आमचा मुख्य आक्षेप त्यापलीकडचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीचा घरगुती वापर वगळला आहे. म्हणजे मुलाने वडिलांच्या खोलीत कॅमेरा लावला, तर हा कायदा मध्ये पडत नाही. तिथे वडिलांची संमती मुलानेच घ्यायला हवी. शिवाय 'सकाळपासून हालचाल नाही' एवढे कळवायला चित्र कशाला? शरीराची उष्णता टिपणारा साधा संवेदक पुरतो.

वर्गात हा विषय निघाला, तर मुलांना एक प्रश्न घरी न्यायला सांगा: "आजी, हा कॅमेरा लावताना तुला कुणी विचारलं होतं का?"